पेजमेकर गेला, मजकूर अडकला

2023 साली उस्मानाबाद जिल्ह्याचे नाव अधिकृतपणे धाराशिव झाले. कार्यालयांच्या पाट्या बदलल्या, शिक्के बदलले, लेटरहेड बदलली. साप्ताहिकाच्या पत्त्याची ओळ, पतसंस्थेच्या वार्षिक अहवालाचे मुखपृष्ठ, महाविद्यालयाची माहितीपुस्तिका, लग्नपत्रिकेतले ते ठरलेले ‘ता.’ आणि ‘जि.’ या सगळ्यांत एक शब्द काढून दुसरा घालायचा होता. संगणकावर हे काम दोन मिनिटांचे असायला हवे: शोधा आणि बदला. डीटीपीवाल्यांना मात्र ते एकेक फाइल उघडून, डोळ्यांनी शोधून, हाताने करावे लागते. कारण संगणकाच्या लेखी त्या जुन्या फाइलींत ‘उस्मानाबाद’ असा शब्दच नसतो.

मग काय असते? कृतिदेव हा फॉन्ट उदाहरणाला घेऊ. तो मुख्यतः हिंदी पट्ट्यातला, पण त्याचा तक्ता सर्वांच्या माहितीचा आहे. कृतिदेव 010 मध्ये ‘धाराशिव’ लिहिले की फाइलमध्ये साठते ते असे: स्लॅश, के, के, जे, के, एफ, एकेरी अवतरणचिन्ह, के, ओ. स्लॅश म्हणजे अर्धा ध. पहिला के त्याचा दंड पुरा करतो, दुसरा के काना देतो. एफ म्हणजे ऱ्हस्व वेलांटी, आणि ती श च्या आधी येते, कारण कागदावर ती आधी दिसते. म्हणजे फाइलमध्ये मराठी नसतेच; इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे चिकटवलेले असतात. श्रीलिपीच्या फॉन्टमध्ये हाच शब्द निराळ्या चिन्हांनी साठतो, सी-डॅकच्या आयएसएमच्या फॉन्टमध्ये आणखी निराळ्या. एकाच पानावर मथळा एका कंपनीच्या फॉन्टमध्ये आणि मजकूर दुसऱ्या कंपनीच्या फॉन्टमध्ये असेल, तर एकच नाव दोन वेगळ्या रूपांत शोधावे लागते.

सोडून दिलेल्या जुन्या प्रोग्रॅमना मुक्त पर्याय कोणते, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक ठिकाणी नावांची यादी देऊन संपवले जाते: याच्याऐवजी ते घ्या, त्याच्याऐवजी हे. आपल्याकडे ती यादी निम्मेच उत्तर आहे. प्रोग्रॅम बदलता येतो. जुन्या प्रोग्रॅमच्या आणि फॉन्टच्या कोंडीत सापडलेला तीस वर्षांचा मजकूर सोडवणे हे खरे काम आहे, आणि ते आधी करायला हवे.

बेवारस झालेल्यांत पहिला मान पेजमेकरचा. ऑल्डस कंपनीने तो 1985 साली ॲपलच्या मॅकिंटॉशसाठी काढला आणि डेस्कटॉप पब्लिशिंग नावाचा धंदाच उभा राहिला. 1994 मध्ये ॲडोबीने ऑल्डस विकत घेतली, 1999 मध्ये इनडिझाइन बाजारात आणले, 2001 मध्ये पेजमेकरची 7.0 ही शेवटची आवृत्ती काढली आणि 2004 मध्ये पुढचे काम थांबवल्याचे जाहीर केले. वीस वर्षे उलटून गेली. तरी तालुक्याच्या गावातल्या डीटीपी सेंटरमध्ये 6.5 किंवा 7 अजून दिसतो, आणि त्याची कारणे खुळी नाहीत. तो लहान आहे, जुन्या मशीनवरही पळतो, चार रकान्यांचे पान लावायला त्याला कसलेही नखरे लागत नाहीत, आणि नवा पोरगा कामाला ठेवला तर जुना ऑपरेटर त्याला थोडक्या दिवसांत शिकवतो. शिवाय श्रीलिपी किंवा आयएसएम आणि पेजमेकर ही जोडी इतकी जमली होती की दुसरे काही पाहायची गरजच वाटली नाही. इनडिझाइनकडे जावे तर ॲडोबीने 2013 पासून विक्री थांबवून भाडे सुरू केले. पत्रिका आणि पावतीपुस्तकांवर चालणाऱ्या प्रेसला ते भाडे परवडत नाही. पेजमेकरची सीडी कुठून आली होती, हा प्रश्न जिल्ह्यात कुणी कुणाला विचारत नाही. मीही इथे विचारत नाही.

आता मात्र जमीनच सरकली आहे. विंडोज एक्सपीचा आधार 2014 च्या एप्रिलमध्ये संपला, विंडोज सेव्हनचा 2020 च्या जानेवारीत, विंडोज टेनचा 14 ऑक्टोबर 2025 रोजी. विंडोज इलेव्हन फक्त 64 बिटचे आहे. 16 बिटचे जुने प्रोग्रॅम आणि त्या काळचे इन्स्टॉलर त्यावर चालतच नाहीत. मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरबरोबर येणारे जुने लॉक प्रिंटरच्या समांतर पोर्टला लागायचे, ते पोर्ट नव्या मशीनला नसते. म्हणून प्रेसच्या कोपऱ्यात एक एक्सपीचे मशीन जपून ठेवलेले असते. त्याला नेट जोडायचे नाही, पेन ड्राइव्ह तपासल्याशिवाय लावायचा नाही, वीज गेली की आधी त्याच्याकडे धावायचे. ती हार्ड डिस्क ज्या दिवशी बसेल त्या दिवशी त्या प्रेसचा सगळा इतिहास बसेल.

रोजचा जाच वेगळाच. वार्ताहर बातमी मोबाइलवर टाइप करून व्हॉट्सॲपवर पाठवतो. ती युनिकोडमध्ये असते. केंद्र सरकारने ई-गव्हर्नन्ससाठी युनिकोड हेच मानक 2009 मध्येच ठरवले, त्यामुळे सरकारी मजकूरही त्याच रूपात येतो. पेजमेकरला युनिकोड कळत नाही. मग ती बातमी कन्व्हर्टरमधून उलटी फिरवून जुन्या फॉन्टमध्ये आणायची, फुटलेली जोडाक्षरे दुरुस्त करायची, पान लावायचे, छापायचे. आणि तीच बातमी संकेतस्थळावर टाकायची म्हटली की पुन्हा सुलटी करायची. चांगला मजकूर बिघडवण्यासाठी माणूस पगार देऊन ठेवलेला असतो. पर्यायाकडे जाण्याचे सर्वांत मोठे कारण मला हेच वाटते. परवान्याच्या पैशाचा मुद्दा त्यानंतर.

हे सगळे इतके विस्कटायची गरज नव्हती. 1980 च्या दशकात आयआयटी कानपूरमध्ये जिस्ट हे तंत्र तयार झाले आणि 1988 मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकने ते पुढे नेले. संगणकात जिस्टचे कार्ड बसवले की डॉसच्या प्रोग्रॅममध्ये मराठी लिहिता येई. त्यामागचा इस्की हा कोड 1991 मध्ये भारतीय मानक झाला. इस्कीत अक्षर उच्चाराच्या क्रमाने साठते: आधी श, मग वेलांटी. युनिकोडच्या 1991 च्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीची मांडणी घेतली गेली ती इस्कीच्याच 1988 च्या मसुद्यावरून. म्हणजे पाया आपल्याच घरचा होता. पण विंडोज आले, कार्डाची गरज संपली, आणि प्रत्येक कंपनीने अक्षरांचे तुकडे आपापल्या सोयीने इंग्रजी घरांत भरले. गिऱ्हाईक आपल्याच फॉन्टला बांधलेले राहावे हा त्यातला हिशोब उघड होता.

याचा एक गमतीदार परिणाम असा की अधिक जुना मजकूर आज अधिक सहज सुटतो. जिस्ट कार्डाच्या काळात फॉक्सप्रोवर लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये सभासदांची नावे इस्कीत असतील, तर आयसीयू या मुक्त संचातला परिवर्तक त्यांचे युनिकोड करतो, फारशा खटपटीविना. त्यानंतरच्या चकचकीत फॉन्टमधली नावे मात्र रडवतात.

फॉक्सप्रोचेच घ्या. पतसंस्थेची पिग्मी, सोसायटीचे कर्जवाटप, दूध संकलनाचा हिशोब, कारखान्याचे ऊसबिल, गावोगावच्या कॉम्प्युटरवाल्याने दोन-अडीच हजार ओळींत लिहून दिलेले असे प्रोग्रॅम महाराष्ट्राच्या सहकारात किती चालले याची मोजदाद नाही. मायक्रोसॉफ्टने 1992 मध्ये फॉक्स कंपनी घेतली, 2004 च्या नवव्या आवृत्तीनंतर 2007 मध्ये पुढे काही करणार नाही असे सांगितले आणि 2015 च्या जानेवारीत आधार संपवला. इथे पर्यायांची स्थिती बरी आहे. डीबीएफ फाइल लिबरऑफिसच्या कॅल्कमध्ये थेट उघडते. डॉसवरचा मूळ प्रोग्रॅम डॉसबॉक्समध्ये किंवा फ्रीडॉसवर चालवता येतो. मायक्रोसॉफ्ट डॉस बंद करणार असे दिसल्यावर 1994 मध्ये सुरू झालेला फ्रीडॉसचा प्रकल्प अजून जिवंत आहे. ज्याच्याकडे मूळ प्रोग्रॅमच्या ओळी आहेत, त्याला हार्बर हा मुक्त कंपायलर उपयोगी पडतो. तो क्लिपर घराण्याचा, तेव्हा फॉक्सप्रोच्या काही आज्ञा बदलाव्या लागतात. अडचण एकच: लिहून देणाऱ्याने ओळी दिलेल्याच नसतात, फक्त चालणारी फाइल दिलेली असते. तरी आकडे डीबीएफमध्ये उघडे आहेत. फाइलचा आराखडा साधा आणि सर्वांना ठाऊक असला की कंपनी गेली तरी माल राहतो.

पेजमेकरच्या पीएमडी फाइलीचे तसे नाही. तिचा आराखडा कंपनीने कधी उघड केला नाही. इनडिझाइनच्या जुन्या आवृत्त्या पीएमडी उघडत असत, नंतर ती सोय काढून टाकली गेली. म्हणजे ज्या कंपनीची फाइल, तिचाच आजचा प्रोग्रॅम ती उघडत नाही. उघडतो तो लिबरऑफिस. 2013 च्या गूगल समर ऑफ कोडमध्ये एका भारतीय विद्यार्थ्याने ही फाइल बाहेरून चाचपून तिचा उलगडा करायला घेतला, त्यातून लिबपेजमेकर हे साधन तयार झाले, आणि 2015 च्या लिबरऑफिस 4.4 पासून ते सर्वांच्या हाती आहे. पानमांडणीच्या स्क्रायबसनेही तेच वापरले. 2014 मध्ये डॉक्युमेंट लिबरेशन नावाचा प्रकल्पच निघाला. जुन्या बंद आराखड्यांच्या फाइली वाचणारे सुटे भाग तो करतो. कोरल ड्रॉच्या फाइलींसाठीही असा भाग आहे.

आता हे प्रत्यक्षात किती जमते ते पाहू. पीएमडी फाइल उघडते. चौकटी जागेवर येतात, रेघा येतात, चित्रे कधी येतात कधी नाही, आणि मजकुराच्या जागी इंग्रजी कचरा दिसतो. मूळ फॉन्ट मशीनवर असेल तर मराठी दिसते. वरच्या घरांतली चिन्हे वाटेत बदलली असतील तर अधूनमधून चौकोन. मांडणी जशीच्या तशी येईल ही आशा ठेवू नये. मजकूर सुटला की मिळवले.

त्याहून चांगला मार्ग जुने मशीन चालू आहे तोवरच मोकळा आहे. पेजमेकरमध्येच मजकूर निवडून तो आरटीएफमध्ये बाहेर काढायचा, साध्या टेक्स्टमध्ये नव्हे. साध्या टेक्स्टमध्ये फॉन्टची माहिती गळून जाते, आणि मग कन्व्हर्टरला कळत नाही की कोणता के हा काना आहे आणि कोणता के खरोखरच इंग्रजीतला आहे. मजकुरात ‘B. K.’ अशी इंग्रजी आद्याक्षरे किंवा ईमेलचा पत्ता आला की त्याचे मराठी भजे होते. आरटीएफमध्ये टाइम्स फॉन्टमधला भाग वेगळा राहतो, तेवढा वगळता येतो.

कन्व्हर्टर म्हणजे काही जादू नव्हे, तो एक तक्ता असतो आणि तीन-चार नियम. आधी लांब तुकडे बदलायचे, मग लहान. वेलांटी उचलून जोडाक्षराच्या मागे न्यायची. रफार उलट दिशेने: ‘पूर्व’ मध्ये जुन्या फाइलीत रफार व नंतर असतो, युनिकोडमध्ये तो अर्धा र होऊन व च्या आधी जातो. हिंदीवाल्यांनी केलेले असे अनेक कन्व्हर्टर मोफत मिळतात आणि त्यांचा कोड उघडा असतो, पण ते मराठीला दोन ठिकाणी ठेच लावतात. ‘दुसऱ्या’, ‘शेतकऱ्यांच्या’, ‘कर्मचाऱ्यांनी’ यांतला ऱ्य हिंदीत नाही, त्यामुळे त्याचा रफार तरी होतो किंवा तो गळतो. आणि ‘ॲड.’ लिहिणाऱ्या आपल्या वृत्तपत्रांना जो ॲ हवा असतो, तो युनिकोडमध्येच 2008 मध्ये आला; त्याआधीचे तक्ते ऍ देतात. सहकार आणि शेतीच्या बातम्यांत ‘शेतकऱ्यां’ची उपस्थिती किती, हे सांगायला नको. कोड उघडा असल्यामुळे एवढ्या दोन ओळी आपण दुरुस्त करू शकतो. बंद कन्व्हर्टरमध्ये ती चूक जन्मभर सोसावी लागते. मुक्त सॉफ्टवेअरची थोरवी मला तत्त्वज्ञानापेक्षा या दोन ओळींत अधिक पटते.

मजकूर सुटला. आता पान कशावर लावायचे?

पाच-सात वर्षांपूर्वी हा प्रश्न आला असता तर मी ‘थांबा’ म्हटले असते. स्क्रायबसच्या 1.4 मालिकेत देवनागरी जोडाक्षरे सरळ फुटत. ओमानमधल्या मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांना अरबी मजकूर नीट हवा होता. त्यांनी आणि इतरांनी अक्षरजुळणीचा भाग हार्फबझ या मुक्त साधनावर नव्याने उभा केला, आणि अरबीबरोबर देवनागरीचेही काम झाले. ते 2017 च्या चाचणी आवृत्तीत आले, पण स्थिर म्हणून हाती पडायला 2024 च्या जानेवारीतली 1.6 उजाडली. आज स्क्रायबस सीएमवायके रंग, रकाने, मास्टर पाने, छपाईसाठीची पीडीएफ हे सारे देतो. प्लेट करायला सोलापूरला पाठवायची असेल तर ही पीडीएफ चालते. त्याच्या अडचणीही सांगायला हव्यात. लांब मजकूर असला की तो पेजमेकरपेक्षा संथ आहे. मजकूर थेट पानावर लिहिण्यापेक्षा त्याच्या स्टोरी एडिटरमध्ये लिहिणे बरे पडते. पेजमेकरच्या शॉर्टकटवर बसलेली बोटे पहिला महिना शिव्या देतात. आठ पानी साप्ताहिकाला, स्मरणिकेला, कवितासंग्रहाला तो पुरतो. रोज रात्री अकराला पान सोडायचे असेल, तर एका अंकापुरता आधी वापरून पाहा.

दैनिकही यावर निघू शकते याचा दाखला केरळात आहे. ‘जनयुगम’ या मल्याळम दैनिकाने 2019 मध्ये आपले सगळे काम पेजमेकर आणि जुन्या फॉन्टवरून काढून कुबुंटू, स्क्रायबस, गिम्प आणि इंकस्केपवर नेले. तिथे कर्मचाऱ्यांना शिकवायला माणसे होती, युनिकोडमधले चांगले मल्याळम फॉन्ट तयार होते, आणि मल्याळम मुक्त संगणनाची चळवळ बरीच आधीपासून उभी होती. मराठीत स्वयंसेवक कमी नव्हते. गमभन सारखी टंकनाची साधने त्यांनीच दिली. पण वृत्तपत्राच्या कचेरीत जाऊन खुर्ची ओढून बसणारा गट आपल्याकडे उभा राहिला नाही.

फॉन्टबद्दल जिल्ह्यातली तक्रार ठरलेली असते: ‘युनिकोडमध्ये अक्षर चांगले नाही.’ मंगल एवढाच युनिकोड फॉन्ट ज्यांनी पाहिला त्यांचे हे म्हणणे बरोबर आहे. मंगल र. कृ. जोशींसारख्या थोर अक्षरकाराने केला, पण तो पडद्यासाठी; तो छापला की पान केविलवाणे दिसते. आता स्थिती तशी नाही. मुंबईच्या एक टाइपचे मुक्ता आणि बलू खुल्या परवान्यावर आहेत. मुक्ताची इतकी वजने आहेत की मथळ्यापासून जाहिरातीच्या बारीक ओळीपर्यंत सारे भागते. राज्य मराठी विकास संस्थेने यशोमुद्रा आणि यशोवेणू मोफत दिले आहेत. मराठी वाचकाला खटकतो तो हिंदी वळणाचा ल आणि श. पाकळीचा ल आणि देठाचा श हवा, असे शासनाच्या 2009 च्या वर्णमालेच्या निर्णयातही आहे. तिरो देवनागरी मराठी हा फॉन्ट ती वळणे घेऊनच येतो आणि पुस्तकाच्या मजकुराला तो शोभतो. कमतरता आहे ती सजावटीच्या फॉन्टची. लग्नपत्रिकेला लागणारी वेलबुट्टीची, सुलेखनाच्या वळणाची अक्षरे श्रीलिपीकडे शेकड्याने आहेत; मुक्त साठ्यात ती हाताच्या बोटांवर मोजावीत. आणि हेही लक्षात असू द्या की श्रीलिपी काही बेवारस नाही, ती चालू आहे आणि युनिकोडही देते. ज्याचा धंदा पत्रिकांवर आहे त्याने तिचा नवा परवाना घेतला तर त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही.

तुळजापुरात नवरात्र आले की फ्लेक्सची यंत्रे थांबत नाहीत, आणि फ्लेक्स म्हणजे कोरल ड्रॉ. कोरलही चालू कंपनी आहे. बेवारस आहेत त्या दुकानादुकानांतल्या जुन्या आवृत्त्या. इंकस्केप रेखाटनाला उत्तम, मराठी युनिकोड त्यात नीट उमटते, पण छपाईच्या सीएमवायके रंगांचे त्याला अजून वावडे आहे. कोरलच्या जुन्या फाइली उघडतात, आकार येतात, मजकुराचे तेच जुने रडगाणे. माझे मत विचाराल तर फ्लेक्सवाल्याने घाई करू नये. शिवाय त्याचा माल आठवड्यात उतरतो; जपून ठेवण्याजोगा मजकूर त्यात नाही.

हिशोबाच्या सॉफ्टवेअरबद्दल थोडक्यात. टॅली बेवारस नाही, करसल्लागार तीच मागतो, विषय संपला. ज्या संस्थेला साठा, खरेदी, पगार असे सगळे एकत्र हवे आहे तिने मुंबईच्या फ्रापे कंपनीचे ईआरपीनेक्स्ट पाहावे. ते मुक्त परवान्यावर आहे आणि त्याला जीएसटीची सोय जोडता येते. पण ते बसवायला जाणता माणूस लागतो, आणि तालुक्याला तो सहज मिळत नाही.

एक गैरसमज मोडायला हवा. कंपनीने सोडून दिले म्हणजे सर्वांचे झाले, असे होत नाही. पेजमेकरचा हक्क अजून ॲडोबीकडेच आहे. कंपनी विकत नाही, दुरुस्त करत नाही, आणि तरी प्रत वाटणे बेकायदाच राहते. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 ने थोडी वाट ठेवली आहे: कायदेशीर प्रत बाळगणाऱ्याला सुरक्षिततेसाठी प्रत करून ठेवता येते, आणि दुसऱ्या प्रोग्रॅमशी जुळवण्यासाठी लागणारी माहिती अन्य मार्गाने सहज मिळत नसेल तर ती मिळवण्यासाठी आवश्यक ते करता येते. फाइलचा आराखडा उलगडणाऱ्यांना या वाटेचा आधार आहे.

सोडून दिलेला प्रोग्रॅम मुक्त झाल्याची उदाहरणेही आहेत, आणि त्यातले एक थेट आपल्या कामाचे. टेसरॅक्ट हा छापील मजकूर वाचणारा प्रोग्रॅम एचपीने 1985 ते 1994 या काळात घडवला आणि मग बाजूला टाकला. 2005 मध्ये त्याचा कोड खुला झाला, गूगलने तो पुढे वाढवला, आणि आज तो मराठी वाचतो. पीएमडी फाइल हरवली, सीडीला बुरशी आली, पण छापील अंक बांधून ठेवलेले आहेत, अशा ठिकाणी टेसरॅक्ट हाच मार्ग. शिसाच्या खिळ्यांनी छापलेल्या जुन्या अंकांनाही तोच. पान सरळ आणि स्वच्छ स्कॅन केले तर निकाल बरा येतो. घाईत मोबाइलने वाकडा फोटो काढला तर दुरुस्तीपेक्षा नव्याने टाइप करणे परवडते.

मुक्त प्रोग्रॅमही बेवारस होतात, हे लपवण्यात अर्थ नाही. पद्म नावाचे फायरफॉक्सचे एक एक्सटेन्शन होते. जुन्या फॉन्टमधली भारतीय भाषांची संकेतस्थळे ते जागच्या जागी युनिकोडमध्ये दाखवी. 2017 च्या नोव्हेंबरमध्ये फायरफॉक्सने एक्सटेन्शनची जुनी पद्धत बंद केली आणि पद्मही थांबले. फरक इतकाच की असल्या प्रोग्रॅममधले तक्ते उघडे असतात. ज्याला गरज आहे तो ते उचलून पुढचे काम करू शकतो. पेजमेकरच्या बाबतीत हेच काम करायला बाहेरच्या लोकांना कुलूप चाचपत बसावे लागले.

खर्चाचा हिशोबही सरळ मांडायला हवा. परवान्याला पैसे पडत नाहीत, पण माणसाचे दिवस पडतात. ऑपरेटर शिकेपर्यंत अंक रखडतो, जुन्या फाइली तपासायला वाचता येणारे डोळे लागतात. टंकनाच्या आराखड्याची सवय मोडावी लागेल ही भीती मात्र बरीचशी फोल आहे. लिनक्सवर इनस्क्रिप्ट, फोनेटिक, गमभन असे आराखडे मिळतात, आणि आराखड्याची फाइल साधा मजकूर असते. एखादी कळ इकडची तिकडे करायची तर ती कुणालाही करता येते.

हे काम एकट्या प्रेसमालकावर सोडून होणार नाही. धाराशिवमध्ये विद्यापीठाचा उपपरिसर आहे, तेरणा अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, तालुक्यांत मराठीचे विभाग आहेत. संगणकाच्या विद्यार्थ्यांना दरवर्षी प्रकल्पाचे विषय हवे असतात आणि हजेरीपटाचे सॉफ्टवेअर पुनःपुन्हा लिहून त्यांना आणि परीक्षकांना दोघांनाही कंटाळा आला असेल. एका फॉन्टचा नेमका, मराठीचे ऱ्य आणि ॲ सांभाळणारा तक्ता आणि त्याचा उघडा कन्व्हर्टर हा एका वर्षाचा उत्तम प्रकल्प आहे. मराठीच्या विद्यार्थ्यांनी त्याची तपासणी करावी. 1993 च्या भूकंपानंतरच्या पुनर्वसनाच्या वर्षांत लोहारा-उमरग्याकडे काय घडले, दुष्काळात छावण्या कशा चालल्या, बाजार समितीत भाव काय होते, हे गावपातळीवर लिहिले गेले ते स्थानिक साप्ताहिकांनी आणि स्मरणिकांनी. पुण्या-मुंबईच्या दैनिकांच्या संग्रहात ते सापडणार नाही.

ज्यांच्याकडे असे जुने मशीन अजून चालू आहे त्यांना एवढीच विनंती: ते भंगारात देण्याआधी तीन गोष्टी काढून दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा. सगळ्या मूळ फाइली, मजकुराचे आरटीएफ, आणि प्रत्येक अंकाची पीडीएफ किंवा निदान छापील प्रत, म्हणजे पुढे कन्व्हर्टरचे काम ताडून पाहता येईल. फाइल कोणत्या फॉन्टमध्ये आहे त्याचे नाव आणि क्रमांक कागदावर लिहून सोबत ठेवा. पान कशावर लावायचे ते नंतर ठरवले तरी चालेल.